गळ्याखालचा हत्ती

"ही इंग्रजांचं सोनं गोळा करायला जपानात आली," असं माझा नवरा घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. खरं तर मी आले ती एका ट्रेडिंग कंपनीच्या मुंबई ऑफिसातून, तीन वर्षांच्या पोस्टिंगवर. पोस्टिंग लांबत गेलं, तोक्योजवळ ग्योतोकुला घर झालं, मुलगी इथल्याच शाळेत जाऊ लागली आणि आता मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते. पण नवऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पगारातून उरेल त्यात मी जुन्या इंग्लिश गिन्या घेते. वर्षाला एखादी, कधी तीही नाही. कुणी विचारलंच तर मी सांगते, त्यांनी आपलं नेलं, मी त्यांचं आणतेय. फिटंफाट व्हायला थोडा वेळ लागेल इतकंच.

गिनी म्हणजे काय हे समजावून द्यायला मला फार आवडतं आणि कुणी विचारलं नाही तरी मी समजावते. आपल्याकडे लग्नकार्यात जिला गिनी म्हणतात, कडी लावून गळ्यात घालतात, ते बहुतेक वेळा सॉव्हरिन नावाचं नंतरच्या काळातलं नाणं असतं. खरी गिनी त्याच्या आधीची, सतराव्या-अठराव्या शतकातली. ठाण्याच्या एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या बाईंना मी हे इतकं सविस्तर सांगितलं, की त्या जिलबीची वाट न बघताच उठल्या. स्वभावाला औषध नाही. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि बहुतेक वेळा माझंच बरोबर असतं.

तोक्योत जुनं इंग्लिश सोनं जमवणारे पुष्कळ आहेत. आमचा त्यातला एक लहानसा गट. महिन्यातल्या एका रविवारी एका स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत आम्ही जमतो. मी सोडून सगळे जपानी, मी सोडून सगळे पुरुष आणि मी सोडून सगळे कमी बोलणारे. तिथले नियम कडक. हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे. टेबलावर मऊ कापड अंथरायचं. नाणं फक्त कडेने धरायचं आणि त्याच्यावर वाकून बोलायचं नाही. हातातून हातात द्यायचं नाही. एकाने खाली ठेवायचं, मग दुसऱ्याने उचलायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे नाणं पुसायचं नाही, घासायचं नाही, उजळवायचं नाही. इतक्या वर्षांत त्याच्यावर जी छटा चढली असेल ती त्याची अब्रू. एकदा कुणी फडक्याने चोळलं की बारीक चरे उठतात आणि जाणकारांच्या लेखी ते नाणं संपतं. चिंच लावून देवाची भांडी लख्ख करणाऱ्या घरातली मी, मला हे अंगवळणी पडायला वेळ लागला. पण पडलं ते असं, की आता मी समईसुद्धा घासत नाही. नवऱ्याच्या मते हा निव्वळ आळस आहे.

गटातले सर्वांत ज्येष्ठ म्हणजे इचिकावाचे एक निवृत्त दाताचे डॉक्टर. डॉक्टरांना इथे सेन्सेई म्हणतात, आपल्या गुरुजींसारखं, त्यामुळे ते आमच्या गटाचेही सेन्सेई झाले. त्यांच्याकडे ती गिनी होती. गिन्या पाडायला सुरुवात झाली त्या पहिल्या वर्षांतली. एका बाजूला राजाचा चेहरा, कुरळे केस खांद्यापर्यंत मोकळे सोडलेले, डोक्यावर पानांची वेल, आणि गळ्याखाली तांदळाच्या दाण्याएवढा हत्ती. ज्या कंपनीने आफ्रिकेतून सोनं आणलं तिची ती खूण. त्या कंपनीने सोन्याबरोबर माणसंही विकली. ते मला ठाऊक होतं, आणि तरी तो हत्ती मला हवा होता. पहिल्यांदा पाहिला तेव्हापासून हवा होता. ऑफिसात बजेटवर चर्चा चालू असताना मला समोरच्या स्क्रीनवर हत्ती दिसायचा.

सेन्सेईंची पत्नी वारली, मूलबाळ नव्हतं. हळूहळू त्यांनी आपली नाणी गटातल्यांना द्यायला सुरुवात केली. भाव बाजारात असेल तोच, त्यात घासाघीस नाही. पण नाणं कुणाकडे जाणार हे ते ठरवणार. हत्तीच्या गिनीला आम्ही दोघं उमेदवार होतो. मी आणि एक तरुण, जो नाणी गुंतवणूक म्हणून घेतो, प्लास्टिकच्या सीलबंद डब्यांत ठेवतो आणि बँकेत नेऊन टाकतो. माझ्या मते हा सामना एकतर्फी होता. सेन्सेई मात्र दोघांनाही म्हणाले, "आधी घर बघतो."

म्हणजे खरंच घर बघतो. नाणं जिथे जाणार ते घर पाहिल्याशिवाय ते देत नसत. हे ऐकून नवरा सोफ्यावर पोट धरून हसला. "अगं, मुलीचे वडील स्थळ बघायला येतायत. पोहे टाक."

पोहे टाकले. तो रविवार नेमका लक्ष्मीपूजनाचा होता आणि दिवाळीसाठी सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आलेल्या होत्या. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं आणि चष्मा कायम दुसऱ्या खोलीत. त्या आल्यापासून मी त्यांना सुधारत होते. कचरा टाकताना बाटली या पिशवीत, तिचं झाकण त्या पिशवीत, वरचा कागद तिसऱ्याच पिशवीत. आई, तसं नाही, असं. त्या "बरं बाई" म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी झाकण पुन्हा बाटलीवर. त्या दिवशी सकाळपासून त्यांची पूजेची मांडामांड चालली होती. केरसुणी म्हणून शंभर येनच्या दुकानातला झाडू आणला होता, त्यालाही त्यांनी काही नावं ठेवली नाहीत.

सेन्सेई दुपारी आले. सूट, टाय, हातात मिठाईचा खोका. पोहे त्यांनी शेवटच्या मोहरीपर्यंत संपवले. मग डायनिंग टेबलावर स्वतःचं निळं कापड अंथरलं, खिशातून डबी काढली आणि गिनी मधोमध ठेवली. माझ्या टेबलावर.

"कुठे ठेवणार?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाची तयारी मी आठवडाभर केली होती. त्यांना आतल्या खोलीत नेलं, भिंतीतलं कपाट उघडलं, आगीत टिकणारी तिजोरी दाखवली, तिच्या आतला दमटपणा शोषणारा डबा दाखवला, तिजोरी भिंतीला कशी पक्की केली आहे तेही दाखवलं. प्रेझेंटेशन म्हणतात तसं प्रेझेंटेशन. सेन्सेई प्रत्येक गोष्टीला "नारुहोदो" म्हणत होते. म्हणजे, असं होय. जपान्यांशी धंदा केलेल्या कुणालाही विचारा, समोरचा माणूस सारखा नारुहोदो म्हणायला लागला की सौदा हातचा गेला असं समजावं.

"आणि ती तिजोरीतून बाहेर कधी काढाल?"

"गटात आणायची असेल तेव्हा."

"घरात नाही?"

"घरात कशाला? उगाच धोका."

त्यांनी मान हलवली. "त्या तरुणानेही मला हेच सांगितलं," ते म्हणाले.

इतकी पक्की तयारी केली आणि नेमकी त्या प्लास्टिकवाल्याचीच उत्तरं दिली. आम्ही बाहेर आलो.

डायनिंग टेबलाशी सासूबाई उभ्या होत्या. हातात हळदकुंकवाची कोयरी. निळ्या कापडावर गिनी, गिनीवर हळद, हळदीवर कुंकू, वर अक्षता आणि शेवंतीची एक पाकळी. त्यांनी हात जोडले होते.

"अगं, किती सुरेख लक्ष्मी आणलीय गं त्यांनी!" त्या म्हणाल्या. "हत्तीसकट! केस बघ कसे मोकळे सोडलेत. आणि तुम्ही तिला आजच्या दिवशी अशी फडक्यावर टाकून आत निघून गेलात होय? सोनं घरात आलं की आधी हळदकुंकू नको लावायला?" मग चष्म्याविना वाकून त्यांनी बघितलं. "कुंकू मेलं जरा जास्तच लागलं." आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळून त्या पुसायला निघाल्या.

"आई, पुसू नका!"

मी आयुष्यात त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. तेव्हा चढवला. आतून मुलगी जपानीत ओरडली, मम्मी, आवाज! सासूबाईंचा हात जागच्या जागी थांबला. पदर नाण्यापासून बोटभर वर.

मी सेन्सेईंकडे वळले आणि मला येतं तेवढं सगळं आदराचं जपानी एका दमात ओतलं. क्षमा असावी. सोन्याला कुंकवाचा डाग पडत नाही. घासलं नाही, म्हणजे चरा उठलेला नाही. शुद्ध पाण्यातून काढलं की निघून जाईल. माझ्या सासूबाईंना दिसतं कमी, त्यांचा गैरसमज झाला, मी त्यांना आत्ताच्या आत्ता समजावून सांगते की तो राजा आहे.

"त्यांना काय वाटलं?" सेन्सेईंनी विचारलं.

मी सांगितलं. आमच्याकडे संपत्तीची देवी असते, तिच्या दोन्ही बाजूंना हत्ती असतात, आज तिचाच सण आहे. लांब केस, सोनं आणि हत्ती एकत्र दिसल्यावर आमच्या सासूबाईंना दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं.

सेन्सेई खुर्चीवर बसले. कुंकवाने माखलेल्या राजाकडे त्यांनी बोट दाखवलं.

"माझी पत्नीही त्याला बाईच समजायची," ते म्हणाले. "मी घरी आणलं त्या दिवशी म्हणाली, किती सुंदर बाई आहे. मी सांगितलं, राजा आहे. अक्षरं वाचून दाखवली. ती म्हणाली, बरं. पुढच्या वेळी पुन्हा बाईच. तिने ते कधी कुलपात ठेवू दिलं नाही, चहाच्या भांड्यांच्या कपाटात असायचं. शेवटी हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा एकदा मला विचारलं, बाई कशा आहेत? आणि मी तिथेही सांगितलं, की तो राजा आहे."

त्यांनी चष्मा काढला. मला काय वाटलं ते सांगते. मला माझीच लाज वाटली, आणि त्या म्हाताऱ्या माणसाबद्दल अशी माया दाटून आली की त्यांचा हात धरावासा वाटला. इथे तसं करत नाहीत म्हणून धरला नाही.

सासूबाईंना जपानीचं अक्षर कळत नव्हतं, पण रडणारा माणूस कळत होता. "काय झालं गं त्यांना? माझं काही चुकलं का?"

मी तोंड उघडलं. सवयच ती. सेन्सेईंना मराठी येत नाही, पण मी काय सांगणार ते त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असणार. त्यांनी मान हलवली. "सांगू नका," ते म्हणाले.

"काही नाही, आई," मी म्हटलं. "त्यांना बायकोची आठवण झाली."

"मग उभी काय राहिलीस? त्यांना फराळाचं दे."

दोन चकल्या आणि एक करंजी खाऊन झाल्यावर सेन्सेईंनी बॅगेतून रबरी फुगा काढला. दातातली भुकटी उडवायला वापरतात तो. अक्षता, पाकळी आणि सुटं कुंकू त्यांनी हळुवार उडवलं. राजाच्या कुरळ्या केसांत आणि हत्तीच्या पायांशी मात्र लाल राहिलंच.

"नाणं धुवायचं नसतं," ते म्हणाले. "नियम तुम्हाला माहीत आहे."

नुसत्या पाण्यातून काढण्याला जाणकार धुणं म्हणत नाहीत, हे मला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. मी गप्प बसले. त्यांनी रिकामी डबी खिशात घातली, सासूबाईंसमोर कमरेत वाकून नमस्कार केला आणि ते निघाले. गिनी टेबलावरच होती. नवरा दार लावता लावता म्हणाला, "स्थळ पसंत पडलं वाटतं." त्या संध्याकाळी ती चौरंगावर होती, शंभर येनच्या झाडूशेजारी.

आता ती तिजोरीत नसते. देवाच्या फडताळात, कापडावर ठेवलेली असते. गटातल्या त्या तरुणाने एकदा पाहिली आणि विचारलं, हे लाल काय, काढत का नाही? मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

गेल्या दिवाळीत सेन्सेई लक्ष्मीपूजनाला आले. आता दरवर्षी येतात आणि चकल्या मागून घेतात. सासूबाई सांगलीत होत्या. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालेलं होतं. व्हिडिओ कॉलवर त्यांनी आधी नातीची चौकशी केली. नात "हाय, आजी" एवढं मराठीत म्हणाली आणि आत पळाली. मग मी फोन चौरंगावर धरला. सासूबाईंनी हात जोडले.

"आणि बाई कशा आहेत गं आमच्या?" त्यांनी विचारलं.

सेन्सेईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या?"

मी जसंच्या तसं जपानीत सांगितलं.

त्यांनी हातातली चकली ताटलीत ठेवली, रुमालाला बोटं पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडून फोन घेतला. पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन, सांगलीला ऐकू जावं अशा बेताने ते जपानीत मोठ्याने बोलले.

"काय म्हणतायत गं ते?" सासूबाईंनी विचारलं.

"ते म्हणतायत, बाई अगदी मजेत आहेत," मी सांगितलं. "काळजी करू नका."