सात नंबरच्या बोअरमधली रिकामी जागा

१६ जानेवारी १९५४ रोजी माजरीबाहेरच्या पडीक वावरात कोळशासाठी बोअर पाडायचा ठेका ठरला, तो फुटाला चौदा रुपये आठ आणे दराने. अट एकच होती. दगड वर आला तरच पैसे. नळी खोल जाऊन रिकामी परत आली, तर तेवढे फूट ठेकेदाराच्या अंगावर पडायचे.

वर आलेला दगड धुऊन खोलीच्या क्रमाने लांबट पेटीत लावायचे काम रुखमाकडे होते. रुखमा आरमोरीकडची, धानाच्या चिखलात वाढलेली. नवरा वारल्यावर ती धाकट्या भावाकडे, लटारूकडे, माजरीला आली आणि चौदा आणे रोजाने बोअरवर लागली. नळीतून दगडाच्या गोल कांड्या निघत, उसाच्या पेरांसारख्या. त्या धुताना तिला पाहून मजूर तिला दगडांची दाई म्हणत. ती म्हणे, तुमच्या पोरांपेक्षा हे बरे, रडत तरी नाहीत.

पहिल्याच बोअरला मात्र तिने मोठा घोळ घातला होता. धानाच्या रोवणीत बाई रोपे लावत मागे मागे सरकते. पहिले रोप सगळ्यांत लांब राहते आणि शेवटचे पायाशी येते. तिने कांड्याही तशाच लावल्या. पेटी वाचायची असते ती जवळच्या कोपऱ्यापासून. नागपूरचे भूगर्भवाले साहेब वाचायला बसले, तर जमीन उलटी निघाली. कोळसा वर आणि मुरूम खाली. साहेब आधी खवळले, आणि तिने रोवणीचे सांगितल्यावर हसत सुटले. मग तासभर बसून त्यांनी तिला पेटी लावायची रीत शिकवली. तिने त्यात स्वतःची एक भर घातली. फुटक्या मडक्याची खापरे जुळवून पाहावीत तशी ती प्रत्येक कांडीचे तुटलेले तोंड आधीच्या कांडीला लावून बघे. जोड बसल्याशिवाय कांडी पेटीत जात नसे.

सात नंबरच्या बोअरवर सगळ्यांचे डोळे होते. नेमक्या त्याच जागी खाणीत माणसे सोडायची विहीर खोदायची, असे कोळसा कंपनीने जवळजवळ ठरवले होते. विहीर खोदणाऱ्या पहिल्या वीस जणांत लटारूचे नाव होते.

एका मंगळवारी दोनशे बारा फुटांवर यंत्र एकाएकी सैल पडले. बोअरमध्ये सोडलेले पाणी वर येईना. दोनशे एकोणीसपर्यंत नळीत आले ते दोन ओंजळी चुरा आणि एक चपटा तुकडा, एका अंगाने घासून गुळगुळीत झालेला. रुखमाने चुरा आणि तुकडा पेटीत ठेवला, न आलेल्या दगडासाठी पुढची सात फूट जागा मोकळी सोडली आणि ती भाकर खायला गेली.

परत येऊन बघते तर जागा भरलेली. वालुकाश्माच्या छान गोल कांड्या ओळीने बसवलेल्या, आणि चुरा बाहेर मातीत फेकलेला. शेजारी ठेकेदाराचे मुनशी गुणवंतराव रुमालाने हात पुसत उभे.

रुखमा खाली बसली. तिने पहिली कांडी उचलून वरच्या कांडीला लावली. बसली नाही. दुसरी लावली. तीही बसली नाही.

"हे इथचे नोहेत जी," ती म्हणाली. "हे चार नंबरचे होत."

"दगडावर गावाचं नाव लिहून असते का वो बाई?" मुनशी म्हणाले. "तू धुवाचं काम कर. वाचाचं काम साहेबाचं."

एकेक कांडी काढून तिने बाहेर ठेवली, मातीतला चुरा वेचून पुन्हा आत घातला, तो गुळगुळीत तुकडाही. मुनशींनी सगळ्यांदेखत सांगितले की आजपासून तिचा रोज बंद, तिने घरी जावे. ती गेली नाही. पेटीशेजारी पदर डोक्यावर घेऊन बसून राहिली.

यंत्र चालवणारे सादिक मिस्त्री भला माणूस, पण घरात खाणारी सात तोंडे. त्यांनी संध्याकाळी जवळ येऊन हळूच समजावले की सात फुटांनी कोणाचे काही बिघडत नाही, तिने उगाच पोटावर पाय आणू नये.

"सादिकभाऊ, तिथी खाली माहा भाऊ उभा राहीन," रुखमा म्हणाली. "वर असा भुगा ठेवून तुमी तुमच्या भावाले उतरवान का?"

जाताना मिस्त्रींनी आपली पाण्याची सुरई तिच्याजवळ ठेवली.

बुधवारी ती पहाटेच येऊन पेटीशी बसली. मुनशींनी दोनदा माणूस पाठवला, दोनदा तो हात हलवत परत गेला. लटारूही आला. आपले नाव कटेल म्हणून तो तिच्यावर भडकला. तिने त्याला सांगितले की कटलेले नाव पुन्हा लिहिता येते.

गुरुवारी साहेब भांदकच्या तळावरून आले. मुनशींनी आधीच सांगून ठेवले होते की बाईने पेटी सांडली आणि आता कांगावा करते आहे. साहेबांनी तिच्याकडे पाहिले. रुखमाने बाहेर ठेवलेल्या कांड्यांतली एक उचलून पेटीतल्या कांडीला लावली आणि दोन्ही त्यांच्या हातात दिल्या.

"तुमीच बसवा जी," ती म्हणाली. "बसली तर मी चालली घरी."

साहेबांनी फिरवून फिरवून पाहिले. मग त्यांनी तो चपटा तुकडा उचलला आणि उन्हात धरला. त्याच्या गुळगुळीत अंगावर बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेने गेलेले. त्यांनी मिस्त्रींना विचारले, बोअरमध्ये सोडलेले पाणी वर आले होते का. सादिक मिस्त्रींनी मुनशींकडे पाहिले, मान खाली घातली आणि खरे ते सांगितले.

साहेबांनी पन्नास फुटांवर नवा बोअर घ्यायला लावला. तिथेही तोच चुरा लागला, फक्त थोडा खोल. मग त्यांनी रुखमाला बोलावून सांगितले की फार जुन्या काळी इथली जमीन चिरली आणि एक बाजू दुसरीला घासत खाली सरकली. त्या घासण्याने दगडाचा भुगा झाला. त्यात विहीर उतरवली असती, तर भिंती टिकल्या नसत्या.

"आमच्या तलावाची पाळ अशीच खचते जी," ती म्हणाली. "अर्धी उभी, अर्धी खाली."

साहेबांनी ते आपल्या वहीत लिहून घेतले.

विहिरीची जागा सहाशे फूट पूर्वेला सरकली. लटारू तिथे उतरला आणि पुढे बरीच वर्षे उतरत राहिला. नवा बोअर सुरू असतानाही मुनशींनी रुखमाला पुन्हा कामावर घेतले नाही. साहेबांचा हुकूम दगडावर चाले, ठेकेदाराच्या हजेरीवर नाही. मिरगाआधी ती आरमोरीला रोवणीला निघून गेली. ज्या मंगळवार, बुधवार आणि गुरुवारी ती पेटीशी बसून होती, त्या तीन दिवसांचे दोन रुपये दहा आणे ठेकेदाराकडून तिला अजून यायचे आहेत.