नाक आहे की!

"पिऊन आलाय तो. गेटबाहेर काढा."

आमचे प्लांट हेड देशमुख सगळ्या शिफ्टसमोर ओरडले. भानुदास मिक्सिंग शॉपच्या, म्हणजे रंग कालवायच्या विभागाच्या दारात, भिंतीला टेकून बसला होता. डोळे तारवटलेले, जीभ जड. मी शेंद्रा एमआयडीसीतल्या एका पेंट कंपनीत सेफ्टी ऑफिसर. भानुदास पिशोर गावचा, तो रंगात थिनर कालवायचा.

"म्याडम, म्या सुपारीबी खात नाय," तो म्हणाला. "डोकं लई गरगरतंय."

त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. मी नुकतीच बाहेरून आले होते; दारातच थिनरचा उग्र वास आला. त्याला डॉक्टरकडे पाठवलं आणि देशमुखांना म्हटलं, "सर, आत थिनरची वाफ साठलीय, तिनंच झिंग येते. शॉप बंद करा."

"सकाळपासून मी आत आहे. मला वास येत नाही, कुणालाच येत नाही. ऑर्डर काय तुम्ही पूर्ण करणार?"

माझं डोकंच फिरलं. गॅस डिटेक्टर कितीदा मागितला होता! "नाक आहे की," हे उत्तर देशमुखांचंच.

नाकाचं असं असतं, की ते बदल टिपतं. एकच वास येत राहिला की त्याची जाणीव हळूहळू बोथट होते. मानसशास्त्रात याला संवेदी अनुकूलन म्हणतात. अंगावरचा शर्ट थोड्या वेळानं जाणवत नाही, तसंच. वाफ मात्र फुफ्फुसात जातच राहते.

हे समजावायला वेळ नव्हता. मी अलार्म दाबला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. देशमुख लालबुंद. मोकळ्या आवारात, कामगारांदेखत, ते मला बराच वेळ झापत राहिले. माझी नोकरी जाणार, हे दोनदा सांगून झालं. शेवटी म्हणाले, "झाला तमाशा? चला, मीच लाइन सुरू करतो."

त्यांनी दार उघडलं. एक पाऊल आत टाकलं आणि खोकत मागं आले. रुमाल नाकाला.

"हे... हे आत्ताच सुटलं का?"

"नाही सर. बाहेरच्या हवेत आत्ता तुमचं नाक ताळ्यावर आलं."

एक्झॉस्ट फॅनचा पट्टा तुटला होता. मोटर घुमत होती, म्हणून फॅन चालूच आहे असं सगळ्यांना वाटलं. दुरुस्ती झाली. त्याच आठवड्यात डिटेक्टर आला. भानुदास बरा होऊन कामावर परतला.

"सर, त्याला सॉरी म्हणा," मी म्हटलं.

"त्यात काय एवढं?"

एवढंच, की लाइनवर काहीजण अजून त्याला 'टाकी', म्हणजे पिऊन फुल झालेला, म्हणतात. माझी ती चीड आजही जात नाही.

वास येतोय का, हे आतल्या माणसाला विचारू नका. नुकत्याच बाहेरून आलेल्याला विचारा. आणि डिटेक्टर आधी घ्या.