लॉइड हॅवरकँपला हरता आलं नाही

लॉइड हॅवरकँप बावीस वर्षं पोटासाठी हरला. आयोवातल्या ओटम्वा गावच्या कुस्त्यांचा पंच मीच. खांदे टेकले की तीन मोजायचे, हे माझं काम. लॉइडवर किती वेळा मोजले, त्याची मोजदाद नाही. समोरचा कितीही लेचापेचा असला तरी लॉइड असा कोसळायचा की लोकांना वाटावं, काय ताकद आहे पठ्ठ्यात! घरी गेल्यावर बायको, व्हर्ना, दारातच विचारायची, "नीट हरलास ना?" आणि मगच बटाट्याचं सूप वाढायची.

गुडघे गेल्यावर तो स्वतः कुस्त्या भरवू लागला. ओटम्वा आणि शेजारची चार गावं, एवढंच त्याचं राज्य. कुठल्या गावात कोणी कुस्त्या भरवायच्या हे भरवणाऱ्यांचा संघ ठरवतो, म्हणजे संघाचा अध्यक्ष ठरवतो. सत्तावन्न साली अध्यक्ष होता क्लेमंट डॉरिटी, आणि त्याचा लॉइडच्या गावांवर डोळा होता.

त्या वर्षी निवडणुकीत क्लेमंटसमोर कोणी उभंच राहिना. बिनविरोध यायची त्याला लाज वाटत होती. एकाच पैलवानाची कुस्ती कोण बघणार? डे मॉइन शहरातल्या हॉटेलात संघाच्या सभेच्या सकाळी त्याने लॉइडला कोपऱ्यात घेतलं.

"तू उभा राहा," तो म्हणाला. "दोन मतं घे आणि पड. गावं तुझीच राहतील."

पडणं हा तर लॉइडच्या हातचा मळ. तो लगेच तयार झाला.

मग क्लेमंट खोल्याखोल्यांतून फिरला. दोघांना धरून संघाचे सभासद अकरा. बाकीच्या नऊजणांना त्याने एवढंच सांगितलं, की सगळं ठरलंय, मीच येणार. तिथेच माशी शिंकली. आमच्या धंद्यातला शिष्टाचार असा, की ज्याचं हरणं ठरलंय त्याची अगदीच नामुष्की होऊ द्यायची नाही. दोन फटके त्यालाही मारू द्यायचे, नाहीतर पुढच्या वेळी त्याचं तिकीट कोण काढणार? जेवणानंतर ॲपल पाय खाता खाता प्रत्येकाच्या मनात आलं, क्लेमंट येतोच आहे, बिचाऱ्या लॉइडला आपलं एक मत जाऊ दे. नऊजणांना हा चांगुलपणा सुचला आणि एकानेही दुसऱ्याला सांगितलं नाही.

मतं मोजायला मला बसवलं. आजवर कोण जिंकणार आणि कितव्या मिनिटाला, हे कोणीतरी माझ्या कानात आधी सांगायचं. त्या दिवशी सगळेच विसरले. मग काय, मी खरंच मोजली.

लॉइड नऊ, क्लेमंट दोन. त्या दोनांतलं एक क्लेमंटचं स्वतःचं आणि दुसरं लॉइडचं.

लॉइड पांढराफटक पडला. माझ्याजवळ येऊन पुटपुटला, परत मोज, काहीतरी चुकलंय. मी म्हटलं, तीन मोजून झालेत, आता काही होत नाही. आणि सवयीने त्याचा हात वर केला. हा हात मी कधीच उचलला नव्हता. चांगलाच जड लागला, आणि खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

क्लेमंट लालबुंद झाला. "परत मतदान, आत्ताच. नाहीतर गावं विसर."

लॉइडचे गुडघे सवयीने वाकायलाही लागले होते. पण गावं आता कोण वाटणार, हे त्याच्या सावकाश ध्यानात आलं, आणि तो सरळ उभा राहिला.

"परतीची कुस्ती त्याच दिवशी लावतात का, क्लेमंट?" तो समजुतीने म्हणाला. "तिकीट कोण काढेल? पुढच्या वर्षी ये. ओटम्वाला."

संध्याकाळी त्याने हॉटेलातून घरी फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. व्हर्नाचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला. "नीट हरलास ना?"

लॉइडने डोक्यावरची टोपी काढली.

"नाही गं. या खेपेला नाही जमलं."

मग तिने हळूच विचारलं, "आणि गावं?"

"आपलीच," लॉइड म्हणाला. "पण मला एक सांग, जिंकून आलेल्याला सूप वाढतेस ना?"