टेबलावरच्या कार्डाचा दिवा

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानत नाही. आमचं घर बौद्ध. बाहेरची बाधा वगैरे विषय निघाला की वडील सरळ उठून जायचे. त्यात माझा धंदा नेटवर्किंगचा — केबल तुटली तर तुटली, त्यात भुताचं काय काम?

सोलापुरातल्या एका खासगी कॉम्प्युटर सेंटरवर नर्सिंग प्रवेशाची ऑनलाइन परीक्षा होती. अकराला पेपर. मंगळवेढ्याकडून, अक्कलकोटकडून पहिल्या एसटीनं आलेल्या अडतीस मुली बाहेर उभ्या. सर्व्हरवरून पेपर त्यांच्या मशीनवर जाणार... आणि साडेनऊला सर्व्हरला बाकी मशीनशी जोडणारं लॅन कार्डच बंद! परीक्षा झाली नसती तर मुलींचं वर्ष गेलं असतं.

मी धावत गेलो. कार्ड तपासायची ethtool कमांड मारली — Link detected: no, म्हणजे जोडणीच नाही. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, स्पीड शंभरवर फिक्स केला, कार्ड सिस्टिममधून बंद-चालू केलं. ढिम्म! शेवटी मशीन बंद करून कार्ड काढलं, तर त्याच्या पोर्टात हळदकुंकू...

"दसऱ्याला वाहिलं की सायेब," सेंटरचे शिपाई सिद्धाप्पामामा म्हणाले. "मशिनच हाय न्हवं?"

माझं टाळकंच सरकलं. "पूजा घरी करा की, मामा! पोरींचं वर्ष घालवलंत तुम्ही!" सगळ्यांसमोर बोललो. मामांचं तोंड एवढंसं झालं.

नवं कार्ड बसवलं. तेही no! ड्रायव्हर दोनदा काढून घातला. पावणेअकरा झाले, नुसता वैताग. निदान कार्डापर्यंत कमांड पोचते का बघू, म्हणून ethtool -p दिलं. त्यानं कार्डाचा दिवा लुकलुकतो. नव्या कार्डाचा दिवा बंदच. लुकलुकत होतं ते जुनं कार्ड — टेबलावर, वर्तमानपत्रावर पडलेलं, कशालाच न जोडलेलं! कमांड थांबवली, दिवा थांबला. परत दिली, परत सुरू. सेंटरच्या मॅडम मागंच उभ्या होत्या, त्यांनीही बघितलं. खरं सांगतो, लई घाबरलो.

मामा मात्र शांत. "बसवा की परत. पोरी ताटकळल्यात."

बसवलं. Link detected: yes. पेपर वेळेवर सुरू झाला, नीट पार पडला. शेवटच्या मुलीनं सबमिट केलं आणि ते कार्ड गेलं ते गेलंच. नंतर पाच मशीनमध्ये घालून बघितलं, दिवासुद्धा लागला नाही.

संध्याकाळी सर्व्हरचा लॉग उघडला, त्यात मशीन सगळं आपोआप नोंदवतं. साडेनऊला लिंक गेल्याची नोंद होती. परत आल्याची... कुठंच नाही! लॉगच्या हिशेबानं ते कार्ड परीक्षाभर बंद होतं. आणि अडतीसच्या अडतीस उत्तरपत्रिका सर्व्हरवर आलेल्या.

अर्थिंग म्हणू नका, अर्थिंग मी तीनदा तपासलंय. स्टॅटिक, लूज सोल्डर, सगळं ऐकून झालंय माझं.

मामांची माफी मागायला गेलो, तर म्हणाले, "त्येच्यात काय सायेब, पोरींचं झालं न्हवं?"

झालं, मामा. कसं झालं, ते मात्र मला आजतागायत कळलेलं नाही.