मशीन माझ्या हाती, पुस्तक त्यांच्या कपाटात

मेट्रन मॅडमनं माझ्या हातातलं पुस्तक हिसकावलं आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. आधी कव्हर, मग कडा. समोर चार सिस्टर उभ्या. एक हसली. मॅडम म्हणल्या,

"मावशी, ही लायब्ररी डॉक्टरांची आणि स्टाफची आहे. तू वाचून काय करणार? बटन दाबायचं, एवढंच तुझं काम."

नांदेडच्या त्या खाजगी दवाखान्यात मी अकरा वर्षं ऑपरेशनची हत्यारं धुतली. रक्तानं भरलेल्या कात्र्या, चिमटे. धुवायचे, वाफेच्या मशीनमधी घालायचे, निर्जंतुक करायचे. माझ्या हातची कात्री पेशंटच्या पोटात चालती. माझ्या हातचं पुस्तक चालत न्हाई. का, ते सांगायची गरज नव्हती. मॅडम आमच्याच बिलोलीकडच्या. माझं घर बुद्ध विहाराला लागून हाय, हे त्यांना पक्कं ठाऊक.

आणि पुस्तक तरी कशाचं? त्याच मशीनचं. नवं मशीन आलं तेव्हा कंपनीच्या माणसानं ट्रेनिंग दिलं. सगळ्या सिस्टर आत. मला बाहेर फरशी पुसायला लावलं. आठव्या दिवशी दार उघडताना वाफ अंगावर आली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली. मॅडम म्हणल्या, "अडाणी आहे, दुसरं काय!"

दहावी पास हाय मी.

पुस्तक पुसलं त्या दिवशी रडले न्हाई. ड्युटी सुटल्यावर तशीच सार्वजनिक वाचनालयात गेले. पेपर वाचणारे म्हातारे, भरतीची तयारी करणारी पोरं. वाटलं, हितं बी विचारतील, तुला कशाला? ग्रंथपाल बाईंनी एवढंच विचारलं, "ताई, मशीनचं नाव काय?"

त्यांनी कॉम्प्युटरवर तेच पुस्तक काढलं. इंग्रजीत. दर मंगळवारी दोन पानं मराठीत सांगायच्या, मी वहीत लिहायची. शेजारच्या टेबलावर एक वायरमन नव्या मीटरची जोडणी शिकून राहिला होता. त्या पानांतूनच मला कळलं: हत्यारांच्या पाकिटावरच्या चिकटपट्टीच्या रेषा काळ्या झाल्या न्हाईत, तर वाफ लागलीच न्हाई. अकरा वर्षं ती पट्टी मी न बघता फाडून फेकली. कुणी सांगितलंच न्हाई. किती जणांचे टाके पिकले असतील? हा राग भाजल्याच्या रागापेक्षा लई मोठा हाय.

मग एक दिवस ऑपरेशन तयार. मॅडम ओरडल्या, "ट्रे दे लवकर, सर थांबलेत!"

रेषा फिक्क्या होत्या.

"न्हाई देत. वाफ लागली न्हाई."

"तू मला शिकवणार?"

"हाव. शिकवते."

डॉक्टर सर आले. पट्टी बघितली. ऑपरेशन थांबवलं. मला शाबासकी न्हाई, माफी न्हाई. दुसऱ्या दिवशी मला लाँड्रीत टाकलं.

मी पुन्हा वाचनालयात गेले. या वेळी पाच मावश्या बरोबर. तिथंच अर्ज लिहिला: जी मशीन चालवते तिला ट्रेनिंग आणि पुस्तक मिळालंच पाहिजे. वर 'नम्र विनंती' लिहिलं होतं. ते खोडलं. 'मागणी' लिहिलं. सहा सह्या. अंगठा एक बी न्हाई.

अर्ज मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"पोच द्या. सही-शिक्क्याची."

"नंतर ये."

मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसले.