डेलबर्ट कप वाजवून बघतो

आर्लेटा पिकन्सने एकतीस वर्षं शाळेच्या कॅन्टीनमध्ये पोरांच्या ताटात मका आणि बटाटे वाढले, आणि चौसष्टाव्या वर्षी ती स्वतःच कॉलेजात जाऊन बसली. ओहायो नदीकाठच्या त्या गावातलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे टेकडीच्या कडेला उभी केलेली एक लांबट इमारत. सकाळी नर्सिंगच्या मुली, संध्याकाळी वेल्डिंगवाले, आणि मंगळवारी-गुरुवारी दुपारी इतिहास. साठीपुढच्यांना तिथे फी नव्हती, पण मार्कही नव्हते. नुसतं बसायचं आणि ऐकायचं. नुसतं बसणं आर्लेटाला जन्मात कधी जमलं नव्हतं.

इतिहास शिकवायला होता डॉमिनिक टेडेस्को. वय बत्तीस. त्यालाही लहानपणी तिनेच वाढलेलं, आणि वर्गातल्या निम्म्या पोरांनाही. सगळे तिला मिस लेटी म्हणत. वर्गात ती डॉमिनिकला न चुकता 'सर' म्हणायची, 'अहो' करायची. वर्गाचं दार ओलांडलं की गाडी 'अरे'वर यायची.

"माझाही पेपर लाल पेनाने तपासायचा हं," तिने त्याला पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यात गाठून सांगितलं.

"मिस लेटी, तुम्हाला मार्क द्यायचेच नाहीयेत मला."

"मार्क राहू देत तुझ्यापाशी. चुका दाखव. गाजरं टेबलाखाली टाकायचास, तेव्हा मी सोडलं होतं का तुला?"

पेपरसाठी तिने विषय घेतला गावातल्या बंद पडलेल्या कपबशांच्या कारखान्याचा. तिथल्या भट्टीवाल्यांचा. त्यासाठी तिला फार लांब जावं लागणार नव्हतं. तिचा थोरला भाऊ डेलबर्ट अठराव्या वर्षी भट्टीवर लागला आणि कारखान्याला कुलूप लागेपर्यंत तिथेच होता. कारखाना गेला, पण तिथली धूळ त्याच्या छातीत राहिली. आता तो बहिणीच्याच घरी, स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचा. नाकात नळी, आणि शेजारी चाकांवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर.

"ही दुसरी बायको," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "पहिली सोडून गेली. ही संडासापर्यंत सोबत येते."

दुपारी घेवड्याचं सूप आणि मक्याचा पाव झाला की आर्लेटा टेबलावर रेकॉर्डर ठेवायची आणि डेलबर्ट बोलायचा. चार वाक्यं बोलून दम खायचा, पुन्हा चार वाक्यं. भट्टीचं तोंड उघडल्यावर भुवया कशा जळायच्या, ते त्याने सांगितलं. माल बाहेर आला की एकेक कप नखाने टिचकी मारून कसा वाजवायचा, तेही सांगितलं. खणखणला तर पास. बद्द आवाज आला की आत कुठेतरी न दिसणारी चीर, म्हणजे कप भंगारात. ही खोड त्याला जन्माची लागली होती. हॉटेलात, चर्चच्या जेवणात, कुणाच्या मयताला गेला तरी हातात आलेला कप तो आधी कानाशी धरून वाजवायचा.

"दवाखान्यातल्या नर्सला म्हटलं, बाई, ह्या कपापेक्षा माझी छाती बरी वाजते," तो म्हणाला आणि हसता हसता त्याला अशी ढास लागली की आर्लेटाने रेकॉर्डर बंद केला.

तिने लिहिलं : 'डेलबर्ट आजही कोणताही कप हातात आला की तो आधी वाजवून बघतो.'

पेपर परत आला तो गोवर उठल्यासारखा. सतरा लाल गोल. प्रत्येक गोलात एकेक क्रियापद, आणि खाली टेडेस्कोचं बारीक अक्षर : 'इतिहास भूतकाळात लिहायचा. करतो नाही, करत असे. आहे नाही, होता.' आर्लेटा शहाण्या विद्यार्थिनीसारखी बसली आणि सतराच्या सतरा गोल तिने दुरुस्त केले. चुका दाखव म्हणून तिनेच तर सांगितलं होतं. बुधवारी जेवणानंतर, चष्मा पुसून, मोठ्या कौतुकाने तिने तो पेपर भावाला वाचून दाखवला. डेलबर्ट पिकन्स भट्टीवर काम करत असे. त्याला थट्टामस्करी आवडत असे. कोणताही कप हातात आला की तो आधी वाजवून बघत असे.

डेलबर्टने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. तिथेच तिला कळायला हवं होतं.

"छान लिहिलंयस गं, लेटी," तो शेवटी म्हणाला. "एवढंच सांग, मी मेलो कधी?"

"काहीतरीच तुझं! अरे, नियम आहे तो. इतिहासात असंच लिहितात."

"असेल बाई. पण त्या तुझ्या नियमाला म्हणावं, म्हातारा अजून कॉफी पितोय."

ती हसली. तो नाही हसला. तिने कॉफी ओतून कप पुढे ठेवला, तो त्याने उचलला आणि न वाजवताच तोंडाला लावला.

कागदावर आर्लेटाने भट्टी विझवली, कारखाना बंद केला, इथवर ठीक होतं. पण जिवंत भावाला समोर बसवून, त्याच्याच कॉफीच्या टेबलावर, आपण त्याला पुरून टाकलं, आणि वर चष्मा पुसून वाचून दाखवलं! रात्रभर तिला झोप कशी ती लागली नाही.

गुरुवारी तास सुरू व्हायच्या आत ती टेडेस्कोच्या खोलीत शिरली. "हे कपाचं एक वाक्य मी परत होतं तसं करून आणलंय. बाकी सगळ्याचं 'होतं' कर, माझी ना नाही. पण माझा भाऊ घरी बसलाय, डॉमिनिक. तो 'असे' नाही. तो आहे."

टेडेस्कोने तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. वाद घालण्यात अर्थ नव्हता हे त्याला गाजरांच्या वेळेपासून ठाऊक होतं. त्याने लाल पेन उचललं आणि समासात लिहिलं, 'राहू दे.'

तासाला न बसताच ती गाडी काढून निघाली. ते दोन शब्द तिला डेलबर्टला दाखवायचे होते. मागच्या दारातूनच ती ओरडली, "डेल, सरांना वाकवलं मी!"

तो खुर्चीत होता. हनुवटी छातीवर टेकली होती. सिलिंडर बिचारा सुरूच होता, नळीतून हवा सूं सूं येत होती, आणि समोरची कॉफी साय धरून निवली होती.

गावाने डेलबर्टला एका दिवसात भूतकाळात नेलं. मयतानंतर चर्चच्या तळघरात जेवणाची भांडी घेऊन आलेली प्रत्येक बाई किती सहज म्हणत होती, भला माणूस होता, हसरा होता. अडखळत होती ती फक्त आर्लेटा. कुणीतरी त्याच्या नेहमीच्या खुर्चीपुढे कॉफी ठेवून साखर घालायला लागलं, तर ती म्हणाली, "नको, डेलला साखर लागत नाही." त्या बाईने तिचा हात धरून ठेवला.

दोन आठवड्यांनी सत्राचा शेवटचा तास होता. ज्याने त्याने आपला पेपर वर्गापुढे उभं राहून वाचायचा होता. तुम्ही नाही वाचलंत तरी चालेल, असं टेडेस्कोने तिला आधीच हळूच सांगितलं. पण तिचा नंबर आला तशी ती उठली. आवाज ठणठणीत होता. भट्टी आली, भुवया आल्या, कुलूप आलं. मग ते वाक्य आलं.

"डेलबर्ट आजही कोणताही कप हातात आला की," ती म्हणाली, आणि थांबली.

ती कागद घेऊन टेडेस्कोच्या टेबलाशी गेली.

"पेन दे," ती म्हणाली. वर्गात तिने त्याला अरे-तुरे केलं ते त्या एकाच वेळी. "लाल."

"मिस लेटी, ते वाक्य बरोबर आहे. मीच लिहिलंय ना, राहू दे म्हणून."

"तेव्हा बरोबर होतं."

त्याने पेन दिलं. तिने त्याच्याच टेबलावर कागद टेकवला, 'आजही' खोडलं, 'बघतो'भोवती गोल काढला आणि त्याच्यावर लिहिलं, 'बघत असे'. दोनच शब्द, पण वेळ बराच लागला. मग ती जागेवर परत गेली, आणि ते वाक्य दुरुस्त करून पहिल्यापासून वाचलं.