नसलेल्या हाताचं दुखणं

दादाला जो हात नव्हता, तोच दुखायचा.

माझा थोरला भाऊ. सातपूरला एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला होता. मशीनमध्ये उजवा हात सापडला, कोपराखालून काढावा लागला.

जखम भरली. मग खरं सुरू झालं.

दादा मला म्हणायचा, "स्वाती, मूठ आवळली गेलीये. नखं तळव्यात रुततायत. उघडताच येत नाहीये."

कुठली मूठ? समोर नुसती शर्टाची दुमडलेली बाही.

नातेवाईक म्हणायचे, मनाचे खेळ आहेत. दादा वाद घालायचा नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

गंगापूर रोडला पेन क्लिनिकमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "दुखणं खरं आहे. हात गेलाय हे मेंदूला अजून पटलेलं नाही. एका गोळीने नाही जायचं हे. सगळं मिळून करावं लागेल."

नसांच्या गोळ्या. फिजिओथेरपी. काउन्सेलिंग.

आणि आरसा.

वहिनी रोज त्याच्या दोन्ही बाजूंच्या मधोमध आरसा उभा धरून बसायची. डावा हात आरशात उजवा दिसायचा. दादा तिकडे बघत मूठ हळूहळू उघडायचा. कधीतरी त्याचा चेहरा सैल पडायचा. तेवढा वेळ वहिनी श्वाससुद्धा जपून घ्यायची.

पण गोळ्यांनी दिवसभर गुंगी. डोस कमी केला की कळ परत. थंडीत तर कशाचाच उपयोग व्हायचा नाही. बरेचदा वाटायचं, कशासाठी चाललंय हे सगळं?

तरी यंदा तो एकटा पंचवटीत जाऊन भाजी आणायला लागला होता.

"पूर्ण नाही जायचं गं हे," मला म्हणाला. "पण दुखत असलं तरी बाहेर पडता येतंय आता."

पुढच्या आठवड्यात फॉलो-अप होता.

काल सकाळी पोहे खाता खाता त्याच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलच्या दारापर्यंतही पोचलो नाही. एवढी वर्षं एका दुखण्याशी झगडला आणि गेला भलत्याच दुखण्याने.

संध्याकाळी घरी भेटायला आलेले एक काका म्हणाले, "सुटला बिचारा."

दिवसभर गप्प बसलेली वहिनी तेव्हा बोलली.

"त्यांना सुटायचं नव्हतं हो काका. राहायचं होतं."

कशाचाच अर्थ लागत नाहीये.

दादा, तुझ्या धाकट्या बहिणीचा भरल्या डोळ्यांनी शेवटचा नमस्कार.